कांदिवली : ट्रॅक्टर दिला, शेत गेले

आमच्या गावात पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा मी सातवीत होतो. तांबडा रंग, पुढे दोन लहान चाके आणि मागे माझ्या खांद्याला लागतील एवढी दोन मोठी. मारुतीच्या देवळापुढे तो उभा केला. बायकांनी हळदकुंकू लावले, नारळ फुटला, आणि आम्ही पोरे दिवसभर त्याच्याभोवती घुटमळत राहिलो. ट्रॅक्टरबरोबर एक जाडजूड पुस्तक आले होते. तेल कधी बदलायचे, ग्रीस कुठे भरायचे, सगळे त्यात होते. घरात वाचणारा मीच, म्हणून ते माझ्याकडे आले. पुस्तकावर खाली पत्ता छापला होता : कांदिवली, मुंबई.

मला वाटले, जिथे ट्रॅक्टर तयार होतो तिथली शेती केवढी मोठी असेल! हजार-हजार एकरांची वावरे, आणि त्यात ओळीने चाललेले तांबडे ट्रॅक्टर. पुढे कितीतरी वर्षे माझ्या डोळ्यांपुढे कांदिवलीचे हेच चित्र होते.

गेल्या दिवाळीनंतर पुतणीकडे जाण्याचा योग आला. तिचे बिऱ्हाड कांदिवली पश्चिमेला, चारकोपला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी जावईबापूंना विचारले, इथली शेती कुठल्या बाजूला आहे? ते हसून म्हणाले, "काका, इथे कुंडीतली तुळस एवढीच शेती." पुतणी मात्र उठली आणि घराच्या कागदांची फाईल घेऊन आली. पहिल्याच पानावर बोट ठेवून म्हणाली, "इथे लिहिलंय, मौजे चारकोप, तालुका बोरिवली. मौजे म्हणजे काय हो, काका?"

मी म्हणालो, "मौजे म्हणजे गाव. पोरी, तू गावातच राहतेस की!"

मग चार दिवस मी त्या गावाचा शोध घेत हिंडलो. जे पाहिले, वाचले, ते आपल्यापुढे ठेवतो. वाचकहो, ही गोष्ट एकट्या कांदिवलीची नाही. वाढत्या शहराच्या वेशीवर ज्यांची जमीन आहे, त्या सर्वांची ती उद्याची गोष्ट आहे. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, असे आपल्यात म्हणतात. तेव्हा सुपातल्यांनी जात्यात काय झाले ते नीट पाहून घ्यावे.

डोंगर, सपाटी आणि खाडी

मुंबईच्या चर्चगेट स्टेशनापासून उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर कांदिवली आहे. हा सगळा भाग साष्टी बेटाचा. साष्टी म्हणजे सहासष्ट गावे, असा या नावाचा अर्थ सांगतात. उंच इमारतीच्या गच्चीवर उभे राहिले की कांदिवलीची ठेवण एका नजरेत कळते. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खाडी आणि मधे सपाटी.

पूर्वेचा डोंगर म्हणजे आजचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पोयसर नदी तिथेच उगम पावते, मधली सपाटी ओलांडते आणि मार्वे खाडीला मिळते. तिचा प्रवास लहान, पण तिच्या दोन्ही काठांनी गावे वसली. डोंगराच्या पायथ्याला आकुर्ली आणि मागाठाणे, नदीच्या नावाचे पोयसर, मधे कांदिवली, उत्तरेला शिंपोली, एक्सर, आणि खाडीच्या तोंडाशी चारकोप. आज आपण ज्याला सरसकट कांदिवली म्हणतो, त्यात अशी अनेक गावे आहेत. प्रत्येकाची शीव वेगळी होती, गावदेवी वेगळी होती आणि मातीही वेगळी होती.

अठराशे वर्षांपूर्वी दान दिलेले शेत

या भागातल्या शेताचा सगळ्यांत जुना उल्लेख कुठल्या कागदावर नाही, तो दगडावर कोरलेला आहे. डोंगरापलीकडे कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात, म्हणजे सुमारे १८०० वर्षांपूर्वी, कल्याणच्या एका उपासकाने तिथल्या भिक्षुसंघाला दान दिले. त्या दानात एक शेत होते, आणि ते 'मंगलस्थान' गावातले होते. हे मंगलस्थान म्हणजे आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात.

विचार करा. त्या शेतात कोणी नांगर धरला, भात कोणी लावले, हे कोणी लिहून ठेवले नाही. पण शेत दिले हे मात्र दगडावर कोरले, म्हणून गावाचे नाव आजवर टिकले.

मागाठाण्यालाही लहान लेणी आहेत. आकुर्लीच्या बाजूला काळ्या दगडाची एक टेकडी होती. इतिहासाच्या पुस्तकांत तिचे नाव पडण असे येते. तिच्या खडकावर पावलांच्या आकृती, चिन्हे आणि प्राचीन अक्षरे खोदलेली होती. पंडित भगवानलाल इंद्रजी या संशोधकाने १८८२ साली सोपाऱ्याबरोबर या पडणची माहितीही छापून प्रसिद्ध केली.

माणसाचा वावर तर याहूनही फार जुना आहे. १९३० च्या दशकात टॉड नावाच्या एका नौदल अधिकाऱ्याला कांदिवलीच्या दगडखाणीच्या परिसरात अश्मयुगातली दगडी हत्यारे सापडली. त्यांवरचा त्याचा मोठा लेख १९३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. नांगर तर सोडाच, लोखंडसुद्धा माहीत नसलेल्या काळात इथे माणूस दगड घडवीत होता.

राब, खार आणि गवत

साष्टीवर राज्ये बदलली. १५३४ साली वसईसह हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. त्यांच्या काळात इथली कितीतरी शेतकरी कुटुंबे ख्रिस्ती झाली, चर्च उभी राहिली. जवळच्या मंडपेश्वरच्या शैव लेण्यात तर चर्च केले आणि वर मठ बांधला. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीजांचे राज्य संपले. १७७४ साली इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. राजे आले आणि गेले, पण पावसाळा आला की गावात भाताचीच लावणी होत होती.

इथली शेती कोकणच्या रीतीची होती. सगळा भर खरिपाच्या भातावर. उन्हाळ्यात डोंगराकडचा पालापाचोळा, फांद्या, शेण आणि गवत रोपाच्या जागेवर पसरून जाळायचे, त्याला राब म्हणतात. राब भाजला की जमीन मोकळी होते, तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते. पहिल्या पावसाला पेरायचे, रोप हाताएवढे झाले की उपटून चिखलात लावायचे. त्यासाठी वरकस जमीन लागे. म्हणून खालच्या भाताला वरच्या डोंगराचा आधार होता.

खाडीकडे वेगळी तऱ्हा. तिथे भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे बांध घालायचे. बांधाला उघाडी ठेवायची, म्हणजे पावसाचे पाणी बाहेर जाईल पण समुद्राचे आत येणार नाही. दोन-चार पावसाळ्यांत मीठ धुऊन निघाले की त्या खारजमिनीत तांबड्या तांदळाचे, मीठ सोसणारे भात येई. अशी बंदिस्ती एकट्यादुकट्याचे काम नव्हे. एका ठिकाणी बांध फुटला की सगळ्यांची खाचरे खारी होत. गाव करी ते राव न करी, याचा खरा अर्थ खारजमिनीच्या शेतकऱ्याला विचारावा.

भाताबरोबर ताडामाडाचे उत्पन्न, खाडीची मासळी, भाजीपाला आणि गवत. साष्टीच्या गवताला मुंबईत गिऱ्हाईक होते. १८७४ ते १९०५ पर्यंत मुंबईच्या ट्रामगाड्या घोडे ओढीत. शिवाय टांगे, बैलगाड्या आणि म्हशींचे तबेले होतेच. आजच्या पेट्रोलपंपाचे काम त्या काळी गवताच्या वखारी करीत.

या गावांत आगरी, कोळी, भंडारी होते, सोमवंशी क्षत्रिय वाडीवाले होते, ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेतकरी होते आणि डोंगराकडच्या पाड्यांवर वारली होते. देव वेगवेगळे, पण पाऊस सगळ्यांचा एकच.

डोंगर फुटला, समुद्र बुजला

मुंबईचा आणि कांदिवलीचा संबंध रेल्वेने जवळ आणला. विरारपासून मुंबईत येणारी गाडी १८६७ साली सुरू झाली. कांदिवलीला स्टेशन मिळाले ते १९०७ साली.

पुढे मुंबई सरकारने बॅकबे भरणीची योजना काढली. दक्षिण मुंबईत समुद्र हटवून ११४५ एकर नवी जमीन करायची होती. त्यासाठी दगड हवा होता, आणि तो कांदिवलीच्या डोंगरात होता. १९२० च्या दशकात इथे खाणी चालल्या. डोंगर फोडायचा, दगड आगगाडीत भरायचा आणि समुद्रात भिंत घालायची. खर्च अफाट वाढला, कामात घोटाळ्याचे आरोप झाले, वीर नरिमन यांनी ते प्रकरण धसास लावले, १९२६ साली चौकशी समिती बसली. शेवटी भरणी झाली ती ४४० एकरांच्या आसपास. पण त्यातूनच आजचा मरीन ड्राइव्ह उभा राहिला.

मुंबईला गेलेली आपली माणसे संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर समुद्राची हवा खातात. त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल की या भिंतीसाठी एका भाताच्या गावाने आपला डोंगर दिला? अश्मयुगातली हत्यारे दिसली तीही याच खाणींमुळे. डोंगर फुटला म्हणून त्याच्या पोटातला इतिहास बाहेर आला, आणि ज्या डोंगरात तो होता तो डोंगर मात्र गेला.

१९२८ साली विजेची लोकल बोरिवलीपर्यंत धावू लागली. आता मुंबईत नोकरी आणि कांदिवलीत घर असे करणे सोपे झाले. गाव आणि शहर यांमधले अंतर मैलांत मोजायचे ते मिनिटांत मोजू लागले. वाचकहो, जमिनीचा भाव तिथूनच बदलतो.

सन १९५७

१९५७ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत बृहन्मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली आणि कांदिवली मुंबई महापालिकेत गेली. त्याच वर्षी १ एप्रिलला कुळकायद्याप्रमाणे कृषक दिन झाला. राज्यातले लाखो कसणारे हात जमिनीचे मालक होण्याच्या वाटेला लागले, आणि त्याच वर्षी साष्टीची ही गावे शहर होण्याच्या वाटेला लागली.

शहरात गेल्यावर पाणी आले, दिवे आले, शाळा-दवाखाने आले. हे नाकारून चालणार नाही. खेड्याचे हाल ज्याने भोगले आहेत त्याला नळाच्या पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. पण कारभाराचा पत्ता बदलला. आज महापालिकेच्या दप्तरात कांदिवलीचा कारभार 'आर दक्षिण' विभागात चालतो. ज्या गावांना नावे होती, त्यांच्या कारभाराला एक अक्षर आणि एक दिशा उरली.

मग शेते एकामागून एक बिनशेती होत गेली. कुठे कारखाना, कुठे वसाहत, कुठे रस्ता. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून चारकोपला मोठी वसाहत उभी राहिली. म्हाडाने लहान लहान भूखंड पाडले, रस्ते आणि नळ दिले, आणि लोकांनी सहकारी संस्था करून घरे बांधली. हजारो कष्टकरी कुटुंबांना त्यामुळे मुंबईत हक्काचे छप्पर मिळाले. माझ्या पुतणीचे घर त्याच भागातले. घर झाले हे चांगलेच झाले. पण खाली काय होते हे विसरले, ते बरे झाले नाही.

का बरे झाले नाही, ते २६ जुलै २००५ ला कळले. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पोयसर नदीने काठ सोडले आणि काठाच्या वस्त्यांत पाणी शिरले. पूर्वी असे पाणी भाताच्या खाचरांत साठे, खाजणात पसरे, ओहोटी लागली की उघाडीतून निघून जाई. खाचरात गुडघाभर पाणी साठले तर शेतकरी आनंद मानतो. तेच पाणी घरात साठले तर घर बुडते. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही, माणूस विसरतो.

तांबडा ट्रॅक्टर

आता माझ्या ट्रॅक्टरकडे येतो. १९६३ साली महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली. कारखाना कांदिवली पूर्वेला, आकुर्ली रस्त्यावर. इथे तयार झालेला बी-२७५ हा तांबडा ट्रॅक्टर, ३५ अश्वशक्तीचा, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी किंवा शेजारी असेल. १९७७ साली ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली, आणि पुढे ट्रॅक्टरच्या संख्येत जगात पहिल्या नंबरावर जाऊन बसली.

पंजाबच्या गव्हात, विदर्भाच्या काळ्या रानात, पश्चिम महाराष्ट्राच्या उसात आकुर्लीचे ट्रॅक्टर फिरले. बैलाच्या मानेवरचे ओझे हलके झाले, नांगरट वेळेवर होऊ लागली. आणि खुद्द आकुर्लीत? तिथे नांगरायला वावर राहिले नाही. आकुर्ली रस्त्याच्या कडेला मी बराच वेळ उभा होतो. लहानपणचे ते हजार एकरांचे चित्र मनात होतेच. ते तिथल्या तिथे पुसून टाकावे लागले.

म्हणून मी म्हणतो, कांदिवलीने तीन वेळा दिले. मुंबईला डोंगर दिला, गरिबांना घराची जागा दिली आणि देशाला ट्रॅक्टर दिला. घेणाऱ्यांनी तिची आठवण ठेवावी, एवढे तरी तिचे मागणे रास्त नाही काय?

नावे कुठे उरली?

आठवण अगदीच पुसली गेली आहे असे मात्र नाही. ती शोधावी लागते.

जुन्या गावठाणात शिरले की रस्ता एकदम अरुंद होतो. उतरत्या छपराचे एखादे घर, विहीर, गावदेवीचे देऊळ, तिठ्यावर दगडी क्रूस. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, त्या भयंकर दिवसांत असे पुष्कळ क्रूस उभे राहिले. गावठाणाच्या हद्दी मोजून नकाशावर नक्की कराव्यात, अशी मुंबईतल्या जुन्या रहिवाशांची मागणी आहे. ज्यांच्या पूर्वजांनी गाव वसवले, त्यांनाच आज गाव आहे हे सिद्ध करावे लागते आहे.

सणांतही शेत उरले आहे. ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा नावाचा सुगीचा सण करतो. भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात आणि धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. ज्यांच्या गावात आता भात पिकत नाही, ते लोंब्या बाहेरून आणतात. आपल्याकडे दसऱ्याला टोपीत लोंबी किंवा धान्याचा तुरा खोवतात, त्याचाच हा भाऊ म्हणा. शेत गेले तरी सुगी सुटली नाही. डोंगराकडे वारल्यांचा वाघोबाही आपल्या जागी आहे.

आणि एक गंमत. २०२२ साली इथे मेट्रो सुरू झाली. तीत बसलो आणि कान टवकारले. एका मार्गावर मागाठाणे, पोयसर, आकुर्ली, कुरार, दिंडोशी. दुसऱ्यावर मंडपेश्वर, एक्सर, शिंपोली, वळनई. थंड हवेच्या डब्यात गोड आवाजात कोणी तरी जुन्या गावांची नावे घेत होते. शेजारचा तरुण मोबाईलमध्ये गुंग होता. त्याला काय ठाऊक, की मागाठाणे हे नाव त्या दान दिलेल्या शेताच्या काळापासून चालत आले आहे?

माणसे नाहीत, तरी गाव आहे

गावाची आठवण कशी जपावी, याचे एक उदाहरण दूरच्या देशातले आहे. फ्रान्समध्ये खेडे कितीही लहान असो, त्याला स्वतंत्र दर्जा असतो. त्याला ते 'कम्यून' म्हणतात. अशी सुमारे ३५,००० कम्यून तिथे आहेत आणि निम्म्याहून अधिकांची वस्ती ५०० माणसांचीही नाही. तरी प्रत्येकाला आपला महापौर आहे आणि आपले गावसभागृह आहे. १८०७ साली नेपोलियनने देशभर शेतावार मोजणीचे काम सुरू केले, ते जुने नकाशे आजही जपून ठेवलेले आहेत.

पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, व्हर्दूंच्या लढाईत तोफांच्या माऱ्याखाली गावेच्या गावे नष्ट झाली. भूमी इतकी जळाली आणि न फुटलेल्या गोळ्यांनी इतकी भरली, की काही गावे पुन्हा वसवता आली नाहीत. त्यांतल्या सहा गावांत आज एकही माणूस राहत नाही. तरी ती गावे सरकारने कागदावरून काढली नाहीत. त्यांना आजही महापौर नेमतात. फ्लरी नावाच्या गावात झाडांमधून पायवाटा आहेत आणि वाटेवर खुणेचे खांब आहेत. इथे शाळा होती, इथे पाववाला होता, इथे शेतकऱ्याचे घर होते.

माणूस नाही, पण गाव आहे. आणि आपल्याकडे? लाखो माणसे आहेत, पण गाव सापडत नाही.

सातबाऱ्यावरचा एक रकाना

परत निघण्याच्या आदल्या रात्री पुतणीने पुन्हा ती फाईल काढली. म्हणाली, "काका, आपल्या गावाकडच्या कागदात आणि यात फरक काय?" मी सांगू लागलो आणि सांगता सांगता एक गोष्ट माझ्याच ध्यानात आली.

शहरात जमिनीची मिळकत पत्रिका असते. तीत नगर भूमापन क्रमांक असतो, क्षेत्रफळ असते, धारकाचे नाव असते. आपल्या सातबाऱ्यात याखेरीज एक छोटासा रकाना असतो : 'शेताचे स्थानिक नाव'. जांभळीचे वावर, पाटाखालची पट्टी, म्हसोबाचा माळ, आजीचा तुकडा, अशी आपण शेतांना हाक मारतो. मुलाबाळांना मारतो तशीच. शेत बिनशेती होऊन सिटी सर्व्हेत गेले की हा रकाना उरत नाही. चारकोपच्या खाचरांनाही अशीच नावे असणार. आज ती सांगणारे किती उरले असतील? गाव जाते तेव्हा आधी शेतांची नावे जातात, आणि मग शेते जातात.

मी घरी आल्यावर पहिला आमचा सातबारा काढून पाहिला. तो रकाना कोरा होता. आपलाही पाहा. बहुतेकांचा कोराच निघेल.

म्हणून मंडळी, लेख संपवताना तीन कामे सुचवतो. तिन्हींना पैसा लागत नाही.

पहिले, घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला आज रात्री जेवणानंतर विचारा, आपल्या प्रत्येक शेताचे नाव काय आणि ते का पडले. वहीत लिहून घ्या. आजीला अधिक ठाऊक असते, तिला आधी विचारा. सातबाऱ्यावर नाव नसेल तर तलाठ्यांकडे चौकशी करा.

दुसरे, पाणंद, ओढा, विहिरीवरचा आणि गायरानाचा वापर यांविषयी गावात ज्या चालीरीती आहेत त्यांची नोंद आहे का ते पाहा. जमीन महसूल कायद्यात वाजिब-उल-अर्ज नावाची नोंदवही याचसाठी आहे. शहर वेशीवर आले की भांडण पहिल्यांदा वाटेचे आणि ओढ्याचे होते, आणि तिथे तोंडी गोष्ट टिकत नाही.

तिसरे, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. आपल्या गावची झाली असेल तर ग्रामसभेत मागून ती वाचा. जुन्या भाताची, ज्वारीची, आंब्याची नावे तीत आहेत का? नसतील तर शाळेतल्या पोरांना हाताशी धरून घालून घ्या.

शहर येऊ नये असे मी म्हणत नाही. ते येणार. आपलीच मुले त्याला बोलावतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण ते येईल तेव्हा त्याला सांगता आले पाहिजे की ही जागा मोकळी नव्हती. इथे गाव होते, आणि या तुकड्याला नाव होते.

पुतणीने निरोप देताना वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, "काका, आमच्या इमारतीच्या फाटकावर नवी पाटी लावायची आहे. मी मीटिंगमध्ये सांगणार, खाली 'मौजे चारकोप' असं लिहा म्हणून."

मी तिला मनापासून आशीर्वाद दिला. आणि घरी पोचल्यावर आमच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर, त्या कोऱ्या रकान्यात, आधी पेन्सिलीने लिहिले : जांभळीचे वावर. आता तलाठ्यांकडे जायचे आहे.